आयक्यू ८३ आला, म्हणजे आमचा मुलगा मंद आहे का?

मॅडम,
माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. नवऱ्याच्या बदलीमुळे दीड वर्षापूर्वी त्याची शाळा बदलली आणि माध्यमही. आधी सगळं मराठीतून होतं, आता इंग्रजीतून. वर्गात तो गप्प बसतो, वह्या अपूर्ण राहतात, म्हणून शाळेने बुद्धिमापन चाचणी करून आणायला सांगितली. अहवालात शाब्दिक ७४, कृतिप्रधान ९६ आणि एकूण ८३ असं लिहिलंय. शाळा म्हणते, हा ‘स्लो लर्नर’ आहे, विशेष वर्गात घाला. नवरा म्हणतो, या चाचण्या गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी काढलेल्या, फाडून टाक तो कागद. मुलाला विचारलं तर म्हणाला, “त्या बाई इंग्रजीत विचारत होत्या. मला येत होतं, पण सांगता येत नव्हतं.” मी कुणाचं ऐकू?
– एक आई

ताई,

कागद फाडू नका. आणि विशेष वर्गाच्या संमतीपत्रावर इतक्यात सहीही करू नका.

आधी तो ८३ हाताने झाका आणि ७४ व ९६ शेजारी शेजारी बघा. या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. म्हणजे ठोकळे जुळवणं, आकृत्यांचा क्रम ओळखणं यात तुमचा लेक चारचौघांसारखाच आहे. घसरला तो बोलून उत्तर द्यायच्या भागात, आणि तेही दीड वर्षापूर्वी कानावर पडायला लागलेल्या भाषेत. दोन भागांत बावीस गुणांची दरी असताना त्यांची गोळाबेरीज करून काढलेला आकडा फारसा कामाचा नसतो. चांगला मानसशास्त्रज्ञ तसं अहवालात लिहितो. तुमच्या अहवालात अशी ओळ आहे का, ते बघा. नसेल तर मला मुलापेक्षा अहवालाचीच काळजी वाटते.

एक भीती आत्ताच मनातून काढून टाका. ८३ म्हणजे मतिमंदत्व नव्हे. त्या निदानासाठी गुण साधारण ७० च्या आसपास किंवा त्याखाली असावे लागतात, शिवाय रोजच्या वागण्यात, म्हणजे स्वतःचं आवरणं, निरोप सांगणं, मुलांत मिसळणं यांत वयाच्या मानाने ठळक अडचण दिसावी लागते. नुसत्या आकड्यावर ते ठरत नाही, ठरवू नये.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं नीट समजून घेण्यासारखं आहे.

पहिली चालणारी बुद्धिमापन चाचणी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी केली. आदल्या वर्षी फ्रेंच सरकारने एक समिती नेमली होती. शाळेत मागे पडणारी, जादा मदतीची गरज असलेली मुलं ओळखायची कशी, हा तिच्यापुढचा प्रश्न. शिक्षकाला त्रास होतो म्हणून एखाद्या पोराला ‘मंद’ ठरवून वर्गाबाहेर काढलं जाऊ नये, ही बिनेची चिंता होती. बुद्धी ही जन्मजात ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असं मानणाऱ्यांवर १९०९ साली त्याने सडकून टीका केली, त्यांच्या विचाराला ‘क्रूर निराशावाद’ म्हटलं. आणि तरीही त्याच्या १९०८ च्या चाचणीत सहा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्न होता: चेहऱ्यांच्या जोड्या दाखवायच्या आणि विचारायचं, यातला सुंदर कोणता? सुंदर म्हणजे काय ते पॅरिसमध्ये ठरलेलं. हा प्रश्न लक्षात ठेवा, तो पुढे थेट न्यायालयात भेटणार आहे.

१९११ साली बिने वारला. चाचणी तोवर अमेरिकेत पोचली होती आणि तिथे तिचा हेतूच पालटला. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड इथल्या मतिमंदांच्या संस्थेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्डने तिचं भाषांतर केलं आणि ती एलिस आयलंडवर नेली, जिथे युरोपातून बोटी भरभरून माणसं उतरत होती. त्याने स्वतःच लिहून ठेवलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. रांगेतला एक तरुण मुलगा त्यांना मंदबुद्धी वाटला. दुभाष्यामार्फत चाचणी घेतली, मानसिक वय आठ निघालं. दुभाष्याला काही ते पटेना. तो म्हणाला, मी या देशात आलो तेव्हा मलाही हे जमलं नसतं. यावर गोडार्ड लिहितो, मुलगा मंद आहे हे आम्ही त्या दुभाष्याला पटवून दिलं.

ताई, तुमच्या पत्रात दुभाष्याची जागा तुमच्या मुलाने घेतली आहे. “मला येत होतं, पण सांगता येत नव्हतं.” त्या खोलीत नेमकं काय घडलं, हे सांगणारा तो एकमेव साक्षीदार आहे. त्याचं म्हणणं अहवालात कुठेही नाही.

१९१७ साली गोडार्डने आकडे छापले: तपासलेल्यांपैकी ८३ टक्के ज्यू, ८० टक्के हंगेरियन, ७९ टक्के इटालियन आणि ८७ टक्के रशियन मंदबुद्धी. हे गट प्रत्येकी पन्नास किंवा त्याहून कमी माणसांचे, निवडून घेतलेले, लांबच्या प्रवासाने शिणलेले. ही माणसं आपापल्या देशाचा सरासरी नमुना नाहीत हे गोडार्डलाही माहीत होतं. पण टक्केवारी एकदा छापली की तिच्यामागचे ‘पण’ कोण वाचतो!

त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्किसच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’, न येणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. आल्फातले प्रश्न बघा: ‘क्रिस्को’ म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध? (तो बेसबॉलपटू. तुम्हाला माहीत नव्हतं ना? मग तुमचे गुण गेले.) बीटाला तर भाषाच नको, म्हणून ती सगळ्यांना सारखी, असं मानलं गेलं. एका भागात वीस अर्धवट चित्रं आणि तीन मिनिटं. प्रत्येक चित्रात राहिलेली वस्तू काढायची. टेनिस कोर्टावर जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, घराला धुराडं नाही. परीक्षक खुणा करतोय, “घाई करा” म्हणतोय, आणि समोरच्या कित्येकांच्या हातात पेन्सिल पहिल्यांदाच आलेली. सिसिलीहून आलेल्या एका सैनिकाने घराच्या चित्रात धुराड्याच्या जागी क्रूस काढला, कारण त्याच्या गावाकडच्या घरांवर तो असायचा. उत्तर चूक धरलं गेलं.

या माहितीवर कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली पुस्तक लिहिलं आणि दक्षिण व पूर्व युरोपातले लोक बुद्धीने कमी प्रतीचे ठरवले. मजा अशी की त्याच आकड्यांत एक गोष्ट ढळढळीत दिसत होती: अमेरिकेत येऊन जितकी जास्त वर्षं झाली तितके गुण जास्त. वीस वर्षं राहिलेले तिथेच जन्मलेल्यांच्या बरोबरीला. कुणालाही वाटेल की चाचणी अमेरिकेची ओळख मोजतेय. ब्रिगमला वाटलं की आधी हुशार लोक यायचे, आता ढ यायला लागले. पुढच्याच वर्षी, १९२४ साली, या भागांतल्या स्थलांतरितांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. त्याचं सगळं खापर चाचण्यांवर फोडणं बरोबर नाही, परक्यांचा द्वेष आधीपासून होताच. चाचण्यांनी त्याला विज्ञानाचा शिक्का दिला. १९३० साली ब्रिगमने आपला अभ्यास निराधार असल्याचं छापून कबूल केलं. हे फार कमी लोक करतात, म्हणून मी त्याला थोडं माफ करते. कायदा मात्र राहिला.

१९२४ सालीच होरेस मान बाँड या तरुण कृष्णवर्णीय अभ्यासकाने सैन्याच्याच आकड्यांतून दाखवलं की उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या कृष्णवर्णीयांचे गुण दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा जास्त होते. फरक शाळांचा होता. पुढे ओटो क्लाइनबर्गनेही दाखवून दिलं की दक्षिणेतून न्यू यॉर्कला आलेल्या कृष्णवर्णीय मुलांचे गुण तिथे काढलेल्या वर्षांबरोबर चढत जातात.

आता तुम्ही म्हणाल, मग नुसती चित्रांची चाचणी खरी धरू, ९६ पक्का. तिथेही जरा थांबा. १९३८ मध्ये रेव्हनच्या आकृत्यांची चाचणी आली. १९४० मध्ये रेमंड कॅटेलने आपल्या चाचणीला ‘संस्कृतिमुक्त’ म्हटलं आणि पुढे ते नाव मवाळ करून ‘संस्कृतीला न्याय देणारी’ असं केलं. बरोबरच केलं. जेम्स फ्लिन याने १९८७ साली चौदा देशांची माहिती मांडली, तेव्हा गुण पिढीगणिक वाढत असल्याचं दिसलं, आणि सगळ्यात जास्त वाढ या आकृत्यांच्या चाचण्यांतच. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीला येणारी पोरं १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे वीस गुणांनी वर गेली. एवढ्या वेळात मेंदू बदलत नाही. शाळा बदलते, खेळणी बदलतात, कागदावरच्या आकृत्यांची सवय वाढते.

लायबेरियातल्या क्पेले लोकांबरोबर जोसेफ ग्लिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी प्रत्येक शिक्षकाला सांगते. शेतकऱ्यांपुढे वीस वस्तू ठेवल्या: खाण्याच्या, कपड्यांच्या, अवजारांच्या, भांड्यांच्या. सांगितलं, जे एकत्र जातं ते एकत्र ठेवा. चाचणीच्या दृष्टीने ‘हुशार’ उत्तर म्हणजे फळं एकीकडे, हत्यारं एकीकडे. त्या लोकांनी सुरी संत्र्याजवळ ठेवली, कारण सुरीने संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच करतो, असं वर ऐकवलं. शेवटी संशोधकाने विचारलं, मग मूर्ख माणूस कसं करील? आणि त्यांनी झटक्यात चार नीटनेटके ढीग लावले, अगदी चाचणीला हवे तसे.

तर त्यांना येत होतं. विचारणाऱ्याला काय हवंय, ते माहीत नव्हतं. तुमच्या मुलाच्या अहवालात ज्या उत्तरांना शून्य मिळालंय त्यातली किती ‘येत नाही’ म्हणून आणि किती ‘काय विचारताय?’ म्हणून, हे फक्त चाचणी घेणारी व्यक्ती सांगू शकेल, तेही तिने मुलाचे शब्द जसेच्या तसे टिपले असतील तर. तसे टिपायचे असतात. (आजच्या चाचण्यांतले प्रश्न मी इथे देत नाही, ते गुप्त राहिले तरच चाचणीला अर्थ. नेटवरून शोधून मुलाकडून घोकून घेऊ नका, ही कळकळीची विनंती.)

तुमच्यासारखीच गोष्ट कॅलिफोर्नियात १९७० साली न्यायालयात गेली. घरी स्पॅनिश बोलणारी नऊ मुलं, इंग्रजी चाचणीच्या आधारे मंद मुलांच्या वर्गात टाकलेली. त्यांच्या भाषेत पुन्हा तपासल्यावर त्यातली बहुतेक त्या वर्गाची नव्हतीच असं निघालं. तडजोडीत राज्याला मान्य करावं लागलं की चाचणी घरच्या भाषेतून घ्यायची. शाळेशी बोलताना डायना खटल्याचा हा दाखला जरूर द्या. बंधनकारक नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी मिटलेला मुद्दा आहे हे त्यांना कळू दे.

त्याच राज्यात लॅरी पी. खटल्यात १९७९ साली न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत पाठवण्यासाठी आयक्यू चाचणी वापरायला मनाई केली. वर्षभरात शिकागोत न्यायाधीश जॉन ग्रेडी यांनी बरोबर उलटा निकाल दिला. त्यांनी प्रश्न एकेक करून वाचले, निकालपत्रात छापले, आणि मोजकेच संशयास्पद ठरवले. त्या मोजक्यांतला एक म्हणजे ‘सुंदर चेहरा कोणता’. सत्तर वर्षांत कुणालाही तो काढावासा वाटला नव्हता.

आणि इथे यजमानांचं उरलेलं, चुकीचं अर्धं. १९८६ साली कॅलिफोर्नियातली बंदी इतकी ताणली गेली की विशेष शिक्षणासाठी कृष्णवर्णीय मुलांची आयक्यू चाचणी शाळेत करताच येईना, आईबापांनी मागितली तरी. मग काही पालकच न्यायालयात गेले: आमच्या मुलाला वाचनाची अडचण आहे, तपासणीशिवाय मदत मिळत नाही, आमच्या रंगावरून तुम्ही चाचणी नाकारता कशी? १९९२ साली पेकहॅम यांनाच तो आदेश मागे घ्यावा लागला. चाचणी नाकारणं हाही भेदभाव होऊ शकतो, हे यजमानांना सांगा. शिवाय, हे गुण आणि पुढचं शालेय यश यांचा संबंध बऱ्यापैकी लागतो, हे खोटं नाही. लागणारच, शाळाही त्याच भाषेत, त्याच तऱ्हेचे प्रश्न विचारते. इंग्रजीत मिळालेले ७४ एवढं नक्की सांगतात की इंग्रजीतून शिकवलेलं आज त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. ही माहिती मोलाची आहे.

आपल्याकडेही काम झालेलं आहे. १९३० च्या दशकात व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचणीचं कन्नड आणि मराठी रूपांतर केलं. १९६९ साली नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्स्लर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. दोन्ही आजही वापरात दिसतात. पण त्यांचे नॉर्म्स, म्हणजे ज्या मुलांशी तुलना होते ती मुलं, आता आजोबा-पणजोबांच्या वयाची आहेत, आणि पिढीगणिक गुण वाढतात हे वर सांगितलंच. जुन्या नॉर्म्सवर आकडा फुगून येतो. तेव्हा चूक नेहमी आपल्या मुलाच्या विरोधातच होते असं धरून चालू नका.

तर आता करायचं काय. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. गप्प बसणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम आहे. मग चाचणी घेणाऱ्यांची वेळ मागा आणि शांतपणे विचारा: चाचणी कोणती, नॉर्म्स कुठल्या मुलांवरचे आणि कोणत्या साली काढलेले, सूचना कोणत्या भाषेत दिल्या, मराठीत दिलेलं उत्तर धरलं की सोडलं, एकेका उपचाचणीचे गुण किती. हे विचारणं तुमचा हक्क आहे. चांगली व्यक्ती चिडणार नाही, उलट बरं वाटेल तिला.

शाब्दिक भाग मराठी सहज बोलणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून पुन्हा करून घ्या. तुम्ही शेजारी बसून भाषांतर करून देणं चालणार नाही, त्याने प्रश्न सोपा किंवा अवघड होतो. तीच चाचणी लगेच दुसऱ्यांदाही नको, सवयीने गुण चढतात. दुसरी कोणती वापरायची ते मानसशास्त्रज्ञ ठरवतील. सोबत मराठी वाचन-लेखनाची तपासणी मागा. पहिलीत तो मराठी नीट वाचत होता का? तिथेही अडखळत असेल तर वाचन-अक्षमतेचा विचार करावा लागेल, आणि ती वेगळी वाट आहे. मराठीतही गुण कमी आले तर? येऊ शकतात. मग जी मदत मिळेल ती बिनदिक्कत घ्या, फक्त कशासाठी आणि किती दिवस, हे लेखी ठरवून.

शाळेला मुदत मागा. नव्या भाषेत गप्पा मारण्याइतकी सफाई साधारण दोन वर्षांत येते, पण धडा समजून उत्तर लिहिण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं जिम कमिन्स यांचा अभ्यास सांगतो. तुमच्या मुलाला झालंय दीड वर्ष. तोंडी परीक्षेत मराठी शब्द चालवून घ्या, लेखी कामाला जादा वेळ द्या, विशेष वर्गाचा निर्णय दुसऱ्या अहवालानंतर घेऊ, एवढं चार ओळींत लिहून द्या आणि पोच घ्या. मुलासमोर हा आकडा कुणी उच्चारायचा नाही, पाहुण्यांनीही नाही. मूळ अहवाल तुमच्याकडे ठेवा. शाळेला झेरॉक्स पुरे, आणि तिच्यावर पेनाने लिहा: चाचणी इंग्रजीतून झाली, मुलाची घरची भाषा मराठी.